अपील केलं की दंड आपोआप थांबतो?

म्हापशात घर बांधणाऱ्या भावाने सिमेंटच्या बिलासोबत जुनाच फॉरवर्ड पाठवला: ‘संगनमताने भाव वाढवणाऱ्या कंपन्या अपिलात गेल्या की दंड आपोआप थांबतो.’ त्याची चीड रास्त आहे, पण तसं होत नाही.

स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ५३ब पाहा. दंड ठोठावतो स्पर्धा आयोग; त्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे (एनसीएलएटी) अपील करायला मुदत ६० दिवसांची. २०२३च्या दुरुस्तीनंतर तर दंडाची २५ टक्के रक्कम आधी भरल्याशिवाय अपील ऐकलंच जात नाही. उरलेल्या वसुलीला स्थगिती वेगळी मागावी लागते, कारणं पटवून. सुनावणीअंती दंड कमी होऊ शकतो, कधी रद्दही. पण तो निकालाचा परिणाम झाला, आपोआप मिळालेली स्थगिती नव्हे.

खात्री करायची तर अपील न्यायाधिकरणाचा आदेश संकेतस्थळावर उघडा. तो इंग्रजीत असतो. शेवटच्या परिच्छेदांत ‘स्टे’ (stay, म्हणजे स्थगिती) शोधा, आणि दिला असेल तर कोणत्या अटीवर, तेही वाचा.