चौकातली जागा आणि चौकातला वेळ : डिजिटल साइनेजच्या विक्रीची पार्श्वभूमी

मुंबईत किंवा पुण्यात एलईडी होर्डिंगची जाहिरात विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं? स्लॉट, म्हणजे आपल्या वाट्याचा वेळ, किती सेकंदांचा, लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या क्रमात, किती जणांच्या जाहिराती आहेत आणि दिवसाला आपली जाहिरात किती वेळा दिसणार. पडद्याची किंमत कुणी विचारत नाही. पडदा त्याला घरी न्यायचाच नसतो. तो विकत घेत असतो एका चौकातली दहा-पंधरा सेकंदं. विक्रीची ही रीत संगणकाबरोबर आली असं बरेच जण धरून चालतात. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा माग काढायचा तर माझ्या मते एकाच माणसाची कारकीर्द नीट पाहावी लागते. तो माणूस म्हणजे न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला डग्लस ली.

ली यांच्या आधीही त्या शहरात दिव्यांच्या पाट्या होत्या. विजेच्या दिव्यांची पहिली मोठी जाहिरात १८९२ साली मॅडिसन स्क्वेअरपाशी लागली. पुढे ओ. जे. ग्यूड यांनी ब्रॉडवेवर दिव्यांच्या पाट्यांचा मोठा धंदा उभा केला. नोव्हेंबर १९२८ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास, टाइम्स स्क्वेअरमधल्या टाइम्स टॉवर या इमारतीभोवती १४,८०० दिव्यांचा पट्टा बातम्या सरकवू लागला. म्हणजे उजेड होता, हलती अक्षरंही होती. हे सगळं मंदीतही विकता येईल असा धंदा ली यांनी बसवला.

ली यांचा जन्म १९०७चा, अलाबामातल्या ॲनिस्टन गावचा. फ्लोरिडा विद्यापीठात असताना त्यांनी वार्षिकांकातल्या जाहिरातींची जागा विकण्याचे हक्क स्वतःकडे घेतले आणि त्यावर पैसे कमावले. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुढची सगळी कारकीर्द त्यात दिसते : आधी जागेचा हक्क मिळवायचा, मग ती तुकड्यातुकड्याने विकायची. शिक्षणानंतर ते होर्डिंगच्या एका मोठ्या कंपनीत विक्रेता म्हणून लागले आणि १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कला आले. मंदीत पगार कापला गेला तेव्हा, १९३३ साली, नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. वय पंचवीस-सव्वीस. हाताशी ना कारखाना, ना भांडवल.

पहिलं गिऱ्हाईक होतं सेंट मॉरिट्झ हॉटेल. हॉटेलच्या पाटीच्या बदल्यात त्यांनी थोडी रोख घेतली आणि उरलेला मोबदला म्हणून हॉटेलातच राहायला खोली घेतली. सेंट्रल पार्कसमोरचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आला. विक्रीच्या माणसाला हे लगेच उमगेल. समोरचा आधी आपला पत्ता वाचतो, मग आपलं म्हणणं ऐकतो.

त्याच वर्षी ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीसाठी टाइम्स स्क्वेअरमध्ये कॉफीचा भलामोठा कप उभा राहिला. त्यातून खरी वाफ निघत असे. दिव्यांच्या गर्दीत वाफ ही एकच गोष्ट वेगळी होती, म्हणून मान वर जायची. पुढच्या कामांतही हेच दिसतं. दिवे वाढवण्यापेक्षा लोक थबकतील अशी एक गोष्ट शोधण्यावर त्यांचा भर होता. वाफ, धूर, साबणाचे फुगे आणि १९४८ साली बाँड या कपड्यांच्या दुकानावर, दोन प्रचंड पुतळ्यांच्या मध्ये, अख्ख्या ब्लॉकभर कोसळणारा खराखुरा धबधबा.

ली स्वतः पाट्या बांधत नसत. लोखंडकाम, वायरिंग, निऑनच्या नळ्या हे सगळं प्रामुख्याने आर्टक्राफ्ट स्ट्रॉस या कंपनीकडे असे, आणि तिचे जेकब स्टार हे कारागिरीतले पक्के गृहस्थ होते. ली यांच्याकडे होते इमारतींच्या गच्च्या आणि दर्शनी भिंती यांचे भाडेकरार. मालकाशी आधी करार करायचा, मग जाहिरातदाराला नुसतं रेखाचित्र दाखवायचं. तो हो म्हणाला की पाटी उभी करायची आणि दर महिन्याला भाडं घ्यायचं. आज मोठ्या साइनेज कंपन्यांत विक्री, साइट मिळवणं आणि बांधणी हे विभाग वेगळे असतात, त्या वाटणीचा हा जुना नमुना आहे.

त्यांची सगळ्यात गाजलेली पाटी कॅमल सिगारेटची. डिसेंबर १९४१ मध्ये क्लॅरिज हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर एका माणसाचा अवाढव्य चेहरा आला आणि त्याच्या गोल तोंडातून दर चार सेकंदांनी धुराचं कडं बाहेर पडू लागलं. तो धूर नव्हता, वाफ होती. ती इमारत उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेतूनच घेतलेली असे. पाटी लागली आणि अमेरिका युद्धात उतरली. १९४२ मध्ये किनाऱ्यावरचा उजेड कमी करण्याचे आदेश निघाले, कारण शहराच्या झगमगाटापुढे समुद्रातली जहाजं शत्रूच्या पाणबुड्यांना ठळक दिसत. टाइम्स स्क्वेअरचे दिवे मालवले गेले. कॅमलची कडी मात्र चालू राहिली, त्यांना दिवा लागतच नव्हता. युद्धकाळात तो चेहरा बदलत राहिला, कधी सैनिक, कधी नौसैनिक, कधी वैमानिक. एकच जागा, एकच यंत्र, आणि वेळ पाहून बदललेलं चित्र. ही पाटी १९६६ पर्यंत चालली. आज आपल्याला ठाऊक आहे ते सिगारेटबद्दल तेव्हाच्या रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक असतं, तर त्या कड्यांकडे तो इतक्या कौतुकाने पाहता ना. हे नोंदवल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

डिजिटल पडद्याच्या दृष्टीने मात्र मला एपोक हा हलत्या चित्रांचा दिव्यांचा फलक जास्त महत्त्वाचा वाटतो. कुर्ट रोझेनबर्ग या ऑस्ट्रियन संशोधकाची ही युक्ती ली यांनी हक्क घेऊन १९३७ मध्ये ब्रॉडवेवर आणली. आत एका खोलीत चित्रपटाची छायाचित्रं प्रकाशाला संवेदनशील असलेल्या सेलच्या फळीवर पडत. प्रत्येक सेल बाहेरच्या एकेका दिव्याला जोडलेला. सेलवर उजेड पडला की दिवा लागायचा, सावली पडली की विझायचा. अशा हजारो दिव्यांतून भिंतीवर हलतं व्यंगचित्र उमटे. एक सेल, एक दिवा, चित्राचा एक ठिपका : आज आपण पिक्सेल म्हणतो तो हाच. शिवाय चित्र बदलायला पाटी तोडावी लागत नव्हती, नुसती फिल्म बदलली की झालं. जागा तीच ठेवून वेळ विकण्याची वाट इथून उघडली.

युद्धानंतर ली यांनी नौदलाची जुनी ब्लिंप, म्हणजे वायूने फुगवलेली फुग्यासारखी हवाई जहाजं, घेऊन त्यांवरही जाहिराती उडवल्या. १९६१ मध्ये खुद्द टाइम्स टॉवर विकत घेतला आणि दोन वर्षांत विकून टाकला. १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीला, एम्पायर स्टेट बिल्डिंग लाल-पांढऱ्या-निळ्या प्रकाशात उजळली ती त्यांच्याच कल्पनेतून. नंतर त्यांनी पाट्यांचा धंदा विकला. १९९९ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, ते गेले.

१९७६ याच वर्षी टाइम्स टॉवरवर स्पेक्टाकलर नावाचा, संगणकावर चालणारा वीस बाय चाळीस फुटांचा फलक आला. त्यावर जाहिराती फिरत्या क्रमाने येत. १९८२ पासून काही वर्षं या फलकावर जाहिरातींच्या मधोमध चित्रकारांच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या कलाकृतीही दाखवल्या गेल्या. कलेला जागा मिळाली तीही स्लॉटच्या मापानेच. १९८५ मध्ये जपानच्या त्सुकुबा प्रदर्शनात सोनीने जंबोट्रॉन हा प्रचंड व्हिडिओ पडदा दाखवला. १९९३ मध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा केला. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग हाती आले आणि दिवसाउजेडीही दिसणारा रंगीत पडदा शक्य झाला.

ली यांनी एकदा घेऊन विकलेली ती इमारत १९९५ मध्ये २.७५ कोटी डॉलरना आणि १९९७ मध्ये ११.७ कोटी डॉलरना विकली गेली. मधल्या काळात आतले बहुतेक मजले रिकामेच होते. किंमत बाहेरच्या भिंतींची होती. न्यूयॉर्क शहराने तर १९८७ मध्ये या भागातल्या नव्या इमारतींवर झगमगत्या पाट्या बंधनकारक केल्या आणि उजेड मोजायला टाइम्स स्क्वेअरच्याच नावाचं एक माप ठरवलं.

आपल्याकडे हा धंदा नियमांच्या दुसऱ्या टोकाकडून आला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३२८ मध्ये 'स्काय-साइन' (आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी दिसणारी पाटी) हा शब्द आहे, आणि तिथे सक्ती आहे ती पाटीआधी परवानगी घेण्याची. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. ते डिजिटल नव्हतं. पण या धंद्यात साध्या आणि डिजिटल अशा दोन्ही होर्डिंगची साइट तीच असते, खांब आणि पायाही तसेच. महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, आणि तो सांगाडा होता १२० बाय १२० फुटांचा. जागा मोठी दाखवली की दर मोठा मिळतो, हे विक्रीत रुळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून रेटकार्ड, म्हणजे दरांचा तक्ता, पुढे करण्याआधी पाया किती खोल आहे आणि परवानगी किती फुटांची आहे, हे विक्रेत्याने स्वतः पाहिलेलं असायला हवं. मीटिंगमध्ये क्लायंट हे विचारत नाही, आणि त्या होर्डिंगखाली उभ्या असलेल्या माणसाला तर कुणीच मीटिंगला बोलावलेलं नसतं.