बल्ब गेलाय की अर्थ सुटलाय?

गाडीच्या दिव्याचा बल्ब गेला तर काय करायचं, हे सगळ्यांना येतं. काढा, आतली तार तुटलीय का किंवा काच काळवंडलीय का पाहा, नवा घाला. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकतोय आणि दुसऱ्या बाजूचा नीट चालतोय? मग भराभर चालणाऱ्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, दोन्ही बाजूंना बहुधा एकच असतो, त्याला उगाच बदलू नका.

खरा घोळ पुढे आहे. पार्किंग लाईट चालू ठेवून ब्रेक दाबला की टेल लाईट मंदावते, शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो, कधी पुढचाही. इथे हमखास निदान येतं: "वायरिंग शॉर्ट झालंय." अहो, शॉर्ट झालं असतं तर फ्यूज उडाला असता! फ्यूज शाबूत आहे आणि दिवे एकमेकांच्या कामात लुडबुड करताहेत, म्हणजे आधी संशय अर्थवर (अर्थिंगवर) घ्यायचा. अर्थ म्हणजे बल्बमधून आलेला करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा जोड.

बहुतेक कारमध्ये मागच्या एका लॅम्पमधले टेल, ब्रेक आणि इंडिकेटर मिळून एकच अर्थची वायर असते, स्क्रूने बॉडीला कसलेली. लॅम्पचं रबर कडक झालं की पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि तो जोड गंजतो. मग ब्रेकच्या करंटला परतीची वाट उरत नाही. तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्याच वायरने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून उतरतो. वाटेत दोन-तीन बल्ब ओळीने लागतात, १२ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, म्हणून सगळेच अर्धवट पेटतात. बल्ब मात्र एकही खराब नसतो, कितीही बदला.

तपासायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. दिवे चालू, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.१-०.२ व्होल्ट आले तर अर्थ ठीक आहे. एक-दोन व्होल्ट किंवा जास्त आले, तर चोर सापडला. मीटर नसेल तर होल्डरच्या अर्थपासून बॉडीच्या उघड्या पत्र्याला एक वायर लावून बघा, दिवे तिथल्या तिथे सुधारतात. पत्रा उघडाच हवा. रंगावर स्क्रू मारून "अर्थ दिलाय" म्हणणाऱ्यांना मी गाडीला हात लावू देत नाही.

एक सोंग मात्र ओळखून असा. ब्रेक आणि टेल मिळून एकच बल्ब असतो तिथे, २१/५ वॅटच्या दोन तारांच्या बल्बच्या होल्डरमध्ये, कुणी एका तारेचा बल्ब दामटून बसवला असेल, तर खालचे दोन्ही काँटॅक्ट जोडले जातात आणि असेच चाळे दिसतात. बल्ब काढून बुडाशी ठिपके दोन आहेत का, एवढं पाहून घ्या.

अर्थचा जोड पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. नुसती टेप गुंडाळू नका, पाणी आतच कोंडतं.