तुळईच्या पोटाला जवसाचा पट्टा

लाकडी तुळई ओझ्याने वाकली की तिचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे ताणले जाते. निर्दोष, सरळ तंतूंचे लाकूड दाबापेक्षा ताण अधिक सोसते. पण इमारती लाकडात गाठी असतात, गाठीभोवती तंतू वळसा घेतात आणि तुळई नेमकी तिथे, खालच्या बाजूने, कडाड्‌कन मोडते. तिच्या पोटाला जवस, हेम्प (भांगेच्या जातीचे झाड) किंवा तागाच्या धाग्यांचा पट्टा रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, चिकटवला, तर ती चीर उघडायला अडथळा होतो आणि वरचे लाकूड हळूहळू चुरू लागते. म्हणजे मोडण्याआधी तुळई निदान कुरकुरते तरी. कल्पना नवी वाटते, पण धागा कधीच नवा नव्हता. खोळंबा होता तो सरसाचा.

लाकूड आणि वनस्पतीचा धागा यांची सोबत फार जुनी. इजिप्तच्या खुफू राजाची साडेचार हजार वर्षांपूर्वीची नाव देवदाराच्या फळ्या गवताच्या दोरांनी आवळून बांधलेली होती. जपानी उरुशी (चिकाच्या लेपाचे काम करणारे) कारागीर लाकडी सांगाड्यावर, विशेषतः सांध्यांवर, झाडाच्या चिकाने हेम्पचे कापड चिकटवत आणि मग वर थर चढवत. त्यांना भार पेलायचा नव्हता, लाकूड तडकू द्यायचे नव्हते. हा फरक पुढे कामाला येईल.

बांधकामात मात्र आधार शोधला गेला तो लोखंडात. एकोणिसाव्या शतकात दोन तुळयांमध्ये लोखंडी पट्टी घालून बोल्ट आवळत. 1906 मध्ये जर्मनीतल्या वायमारच्या ऑटो हेत्सरने पातळ फळ्या चिकटवून वक्र तुळई करण्याचे पेटंट घेतले. त्या काळच्या तुळयांना दुधातल्या केसीनचा सरस वापरत आणि तो ओलीत टिकत नसे.

खरी कलाटणी विमानांच्या कारखान्यात मिळाली. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांच्या एअरो रिसर्च लिमिटेडने 1930 च्या दशकात जवसाचे धागे एका दिशेने लावून फिनॉलिक रेझिनमध्ये दाबले. या पदार्थाचे नाव गॉर्डन एअरोलाइट. दुसऱ्या महायुद्धात अॅल्युमिनियम कमी पडेल या धास्तीने त्याचा स्पिटफायर विमानाचा सांगाडाही करून पाहिला गेला. टंचाई आली नाही, सांगाडा प्रयोगापुरताच राहिला. त्याच कंपनीचा कृत्रिम सरस मात्र मॉस्किटो या लाकडी विमानाला लागला आणि ‘अॅराल्डाइट’ या नावातही तिची आद्याक्षरे आहेत. धागा आणि सरस एकाच छपराखाली आले होते, तरी तुळईपर्यंत पोहोचायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

मधला काळ काचतंतूंचा आणि मग कार्बनचा. 1960 च्या दशकात लाकडावर काचतंतू चिकटवण्याचे प्रयोग झाले; 1992 मध्ये स्वित्झर्लंडमधला सिन्सचा जुना लाकडी पूल कार्बनच्या पट्ट्यांनी बळकट केला गेला.

जवस परतला तो वजनाच्या आणि पर्यावरणाच्या हिशेबाने. त्याची घनता पाण्याच्या सुमारे 1.5 पट, काचतंतूंची 2.5 पटीच्या वर. अडचण पाण्याची: सेल्युलोज ओल शोषतो, धागा फुगतो, रेझिनची पकड सुटते. त्यावर एक उपाय म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया, जी जॉन मर्सरने 1844 च्या सुमारास सुती कापडासाठी शोधली होती. दुसरी मर्यादा ताठरपणाची. जवसाचा पातळ पट्टा कार्बनइतका ताठ नसतो, त्यामुळे तुळईचा झोल फारसा कमी होत नाही. केवळ झोल कमी करायचा असेल तर हा मार्ग धरू नये, असे माझे मत.

फायदा मोडण्याच्या पद्धतीत आहे. स्वीडनमधल्या लुलेओ तंत्रविद्यापीठात 2010 च्या सुमारास जवस लावून पाहिला तो तंतूंच्या आडव्या दिशेच्या ताणासाठी, म्हणजे लाकूड उभे फाटू नये म्हणून. उरुशी कारागिराचेच काम ते. इटलीतल्या पेरुजा विद्यापीठाने 2013 मध्ये हेम्प, जवस आणि बांबूचे धागे वाकवण्याच्या चाचण्यांत तपासले.

जर्मनीतल्या वांगेन इम आल्गॉय इथे 2024 मध्ये स्टुटगार्ट विद्यापीठाने उभारलेल्या मंडपाच्या छतात पातळ लाकडी फलकांखाली यंत्रमानवाने गुंडाळलेल्या जवसाच्या जाळ्या आहेत. तिथे धागा लाकडाला नुसता चिकटलेला नाही. भार दोघे मिळून वाहतात.