चौदा वर्षं झोपलेली पेशी

शेजारच्या काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चौदा वर्षं झाली. यंदा कंबर धरली. उसण भरली असेल म्हणून दीड महिना शेक आणि मलम चाललं. शेवटी एमआरआय काढला, तर मणक्यात तोच जुना आजार. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "शस्त्र लागलं की कॅन्सर चवताळतोच." हे ऐकलं की मला राग येतो. याच भीतीपोटी माणसं साधी बायोप्सी टाळतात, गाठीवर झाडपाल्याचे लेप लावत सहा-सहा महिने घालवतात.

मग चौदा वर्षांनी तो आला कुठून? तो गेलाच नव्हता. गाठ हाताला लागेपर्यंत तिच्यातल्या काही पेशी बऱ्याचदा रक्तातून निघून अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या असतात. एकट्यादुकट्या पेशी सर्जनला दिसत नाहीत, स्कॅनमध्येही येत नाहीत. बहुतेक मरतात, काही विभाजन थांबवून निपचित पडतात. केमोची बरीचशी औषधं विभाजन चालू असलेल्या पेशी मारतात, म्हणून झोपलेली पेशी वाचते.

तिला झोपवतं कोण? सायरस घजर आणि मिना बिसेल या संशोधकांनी २०१३ साली अमेरिकेत याचा जो उलगडा केला, तो मला विलक्षण वाटतो. उंदरांच्या मज्जेत आणि फुफ्फुसांत अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांना बिलगून बसलेल्या दिसल्या. वाढ थांबलेल्या, स्थिर वाहिनीच्या अस्तरातून थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे प्रथिन पाझरतं आणि पेशीला विभाजनापासून रोखतं. वाहिनीला नवा कोंब फुटला की त्याच्या टोकाशी हे प्रथिन ओसरतं, टीजीएफ-बीटा-१ आणि पेरिऑस्टिन ही दुसरी प्रथिनं वाढतात, आणि शेजारची पेशी जागी होते. निजवणारी वाहिनी आणि उठवणारीही तीच!

माणसातला पुरावा अंगावर काटा आणणारा आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ साली दोन रुग्णांची हकिकत मांडली. दोघांना एकाच मृत दात्याची मूत्रपिंडं बसवली होती आणि दोघांनाही मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर झाला. दात्याचा मेलानोमा सोळा वर्षांपूर्वीच काढलेला होता, तो बरा झाला असंच सगळे धरून चालले होते. त्याच्या शरीरात गप्प राहिलेल्या पेशी, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेल्या नव्या शरीरात उठल्या.

इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये असा उशिरा उलटण्याचा धोका जास्त काळ टिकतो. २०१७ साली ६२,००० हून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेऊन ठणठणीत असलेल्या, गाठ लहान आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असलेल्या बायकांतही पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे १३ टक्के जणींना आजार दूरच्या अवयवात उलटला. ८७ टक्के जणींना तो उलटला नाही, हेही तितकंच खरं.

काकूंनी कंबरेसाठी गाठलेल्या डॉक्टरांना जुनं ऑपरेशन सांगितलंच नव्हतं. "इतकी वर्षं झाली, त्याचा काय संबंध?" असं त्यांना वाटलं. फाईल कपाटात वरच्या फळीवर, साड्यांच्या मागे होती.