फ्रीजरमधली कुकरची रिंग

शिट्टी होईना म्हणून शेजारच्या काकूंनी कुकरची रिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी शिट्टी झाली आणि 'फ्रीजरमध्ये रिंग नवी होते' हा समज आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत पक्का झाला. मी ती रिंग वाकवून पाहिली, तर आतल्या कडेला केसाएवढ्या भेगा उघडल्या.

थंडीने रबर जरासं आकसतं, तापलं की पुन्हा होतं तेवढं होतं. बिघाड आत, रेणूंमध्ये झालेला असतो.

रबर म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्यांचा, उकडलेल्या शेवयांसारखा गुंता. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये कळलं, की गंधक घालून तापवलं की या साखळ्यांना अधूनमधून गाठी बसतात. म्हणूनच रबर ताणून सोडलं की मूळ जागी येतं. पण गाठी मोजक्याच हव्यात. बऱ्याच रिंगा नायट्राइल रबराच्या असतात. त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. हायड्रोजन सुटला की जोडीविना इलेक्ट्रॉन उरतो, म्हणजे मुक्त मूलक. तो ऑक्सिजन पकडून पेरॉक्सी मूलक होतो, पेरॉक्सी मूलक पुढच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, की तिथे नवा मूलक तयार! दोन साखळ्यांवरचे मूलक भेटले, की आणखी एक गाठ. दहा अंश वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. गाठी वाढत जातात आणि रिंग कडक होऊन तडकते. ज्या गाठींमुळे रबर लवचिक झालं, त्याच त्याला मारतात, याचं मला अजून नवल वाटतं.

ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, म्हणून ते १५० अंशांपर्यंत टिकतं. सिलिकोनचा तर कणाच सिलिकॉन-ऑक्सिजनचा. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनला ३५०. त्यामुळे ते २०० अंशही सोसतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांना वाफेचे होजपाइप आणि गास्केट लागतात, सिमेंटवाल्यांना गरम क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, वाहणारे पट्टे, विजेवरच्या गाड्यांना बॅटरीची सीलं. मागणी अशी चहूकडून आहे, पण प्रत्येकाचं रबर वेगळं. 'सिलिकोन कुठेही चालतं' ही निव्वळ जाहिरात आहे. जास्त दाबाच्या वाफेत पाणीच तो मजबूत बंध फोडतं, तिथे ईपीडीएम हवं. ईपीडीएम तेलात फुगतं, म्हणून गरम तेलाजवळ महागडं फ्लोरोकार्बन रबर.

काकूंना जांभळी नाक्यावरून नवी रिंग आणून दिली. दोन्ही रिंगा त्यांच्या हातात देऊन वाकवायला लावल्या. जुनीच्या भेगा दिसताच त्यांनी ती स्वतःच कात्रीने कापून टाकली.