मृतांशी संवाद आणि देवाचा संदेश : ख्रिस्ती भूमिकेची पार्श्वभूमी

मृतात्म्याला बोलते करणारे माध्यम आणि ‘देव माझ्याशी बोलला’ असे सांगणारा संदेष्टा यांचे दावे वेगवेगळे असले, तरी ख्रिस्ती परंपरा दोघांनाही पहिला प्रश्न एकच विचारत आली आहे : हा आवाज कोणाचा? तो प्रश्न ख्रिस्ताच्याही आधीचा, बायबलच्या जुन्या करारातील मोशेच्या नियमशास्त्रातला आहे. त्यातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे आणि मृतांना विचारणे यांना सक्त मनाई आहे. त्याच अध्यायात देव संदेष्टा उभा करील असे वचन आहे आणि ज्याचे बोलणे खरे ठरत नाही त्याला देवाने पाठवलेले नाही, अशी कसोटीही आहे. मनाई, वचन आणि कसोटी एकाच ठिकाणी यावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या मनाईमागचे दुःख इस्राएलचा राजा शौल याच्या कथेत दिसते. ज्याने भूतविद्या करणाऱ्यांना देशाबाहेर घालवले होते, तोच राजा शत्रू पलिष्ट्यांच्या भीतीने आणि देव उत्तर देईना म्हणून रात्री वेष पालटून एन-दोर येथील भूतविद्या करणाऱ्या स्त्रीच्या दारी गेला आणि मरण पावलेला संदेष्टा शमुवेल याला बोलावण्यास त्याने तिला सांगितले. शमुवेलाचे बोल ऐकून तो जमिनीवर कोसळला. दिवसभर आणि रात्रभर त्याच्या पोटात अन्न नव्हते. त्या स्त्रीने घरचे पुष्ट वासरू कापले, पीठ मळून बेखमीर भाकरी भाजल्या आणि त्याला जेवू घातले. पवित्र शास्त्र तिची विद्या निषिद्ध मानते, पण तिची माया लपवत नाही. तिथे आलेला खरोखर शमुवेल होता की फसवा आत्मा, यावर प्राचीन ख्रिस्ती भाष्यकारांतही एकमत झाले नाही.

नव्या करारात फिलिप्पै येथे भविष्य सांगणाऱ्या दासीतून प्रेषित पौलाने आत्मा घालवला, तेव्हा तिच्या धन्यांची मिळकत बुडाली आणि पौल व त्याचा सोबती सीला यांना फटके खाऊन तुरुंगात जावे लागले. तरीही मंडळीने, म्हणजे चर्चने, सर्व संदेश सरसकट नाकारले नाहीत. संदेशांना तुच्छ लेखू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा, असे पौल थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोकांना लिहितो. आत्म्यांची परीक्षा करा, असे योहानाचे पहिले पत्र सांगते. ‘दिदाखे’ या आरंभकाळातील ग्रंथात ही परीक्षा अगदी व्यवहारी आहे : तीन दिवस मुक्काम ठोकणारा किंवा निघताना पैसे मागणारा संदेष्टा खोटा समजावा. दुसऱ्या शतकात फ्रुगियातील (आजच्या तुर्कस्तानातील प्रदेश) मोंतानुस, प्रिस्किला आणि माक्सिमिला यांनी पवित्र आत्मा आपल्या मुखातून बोलतो असा दावा केला, तेव्हा भान हरपून बोलण्याच्या त्यांच्या रीतीलाच विरोधकांचा मोठा आक्षेप होता.

आधुनिक वादाची सुरुवात 1848 साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल येथे झाली. फॉक्स भगिनींच्या घरातील टकटक हे मृतात्म्याचे उत्तर मानले गेले आणि तिथून मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका देशोदेशी पसरल्या. आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवत होतो, हे मार्गारेट फॉक्सने 1888 साली जाहीर कार्यक्रमात करून दाखवले. पुढच्याच वर्षी तिने ती कबुली मागे घेतली. बैठका थांबल्या नाहीत, कारण माणसे तिथे आपली गेलेली माणसे शोधायला जात होती. पहिल्या महायुद्धाने तर असंख्य घरांत ही ओढ निर्माण केली. त्याच युद्धकाळात, एप्रिल 1917 मध्ये, रोमच्या कॅथलिक धर्मपीठाने केवळ पाहण्यासाठीही अशा बैठकीला बसू नये असा निर्णय दिला. इंग्लंडमध्ये मात्र अँग्लिकन मंडळीचे प्रमुख धर्मगुरू असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या विषयावर नेमलेल्या समितीचा 1939 मधील अहवाल, बहुसंख्य सदस्यांचा सूर काहीसा अनुकूल असल्याने, कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. शोकाकुल माणसाला नुसती बंदी पुरत नाही, ही अडचण त्या समितीपुढेही असावी असे मला वाटते.

दर्शने आणि संदेश यांबाबत कॅथलिक मंडळीची शिकवण अशी की प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतःला प्रकट करणे, ख्रिस्तात पूर्ण झाले. नंतरचे खासगी संदेश, मान्यता मिळाली तरी, त्यात भर घालत नाहीत. 1978 चे नियम बदलून मे 2024 मध्ये व्हॅटिकनने नवे नियम लागू केले. त्यांनुसार बिशपांनी एखादी घटना अलौकिक असल्याचे सहसा जाहीर करायचे नाही. सर्वांत अनुकूल निर्णय ‘हरकत नाही’ एवढाच असतो, आणि त्यानंतरही त्या संदेशावर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावर येत नाही.