हेडफोनसाठी लहान ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायरचा सुरक्षित वापर

स्पीकरसाठी बनवलेल्या लहान ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर बोर्डावर हेडफोन चालवताना बोर्डाची चिप, हेडफोनचे कॉइल आणि ऐकणाऱ्याचे कान या तिघांनाही इजा होऊ नये, यासाठी करावयाची जोडणी व तपासणी. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात असे बोर्ड अगदी स्वस्तात मिळतात. अभियांत्रिकी आणि आयटीआयचे विद्यार्थी, तसेच घरी हौसेने सर्किट जुळवणारे लोक त्यांचा सर्रास वापर करतात. स्पीकर लावून झाल्यावर रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून त्याच बोर्डाला हेडफोनची पिन जोडण्याचा विचार साहजिकच मनात येतो. ही जोडणी चार तारांची अदलाबदल करण्याइतकी सोपी दिसते, पण तशी ती नाही.

क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा दोनच अवस्थांत राहतात आणि ध्वनीचा संकेत हा चालू-बंद कालावधींच्या प्रमाणात दडलेला असतो. ‘डी’ हे अक्षर ‘डिजिटल’साठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे, ए, बी आणि सी या प्रकारांनंतरचे हे पुढचे अक्षर, इतकाच त्याचा अर्थ. ब्रिटिश उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ नावाचा असा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या स्वरूपात विक्रीला आणला होता. मात्र हे तंत्र घरोघरी पोहोचले ते वेगवान आणि स्वस्त चिप आल्यानंतर. क्लास बीची कार्यक्षमता तत्त्वतःही ७८.५ टक्क्यांपुढे जात नाही, तर क्लास डीमध्ये ती प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. त्यामुळे ‘पीएएम८४०३’सारखी नखाएवढी चिप ५ व्होल्टांवर, हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय), ४ ओहमच्या दोन स्पीकरांना प्रत्येकी ३ वॅटपर्यंत शक्ती देऊ शकते.

सगळ्या अडचणींचे मूळ या बोर्डांवर छापलेल्या ‘मायनस’ या खुणेत आहे. कमी व्होल्टेजमधून अधिक शक्ती मिळावी म्हणून या चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोके स्वतंत्रपणे चालवली जातात. या रचनेला ब्रिज जोडणी म्हणतात. एक टोक वर जाते तेव्हा दुसरे खाली जाते आणि शांत अवस्थेत दोन्ही टोकांचे सरासरी व्होल्टेज पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ५ व्होल्टांच्या बोर्डावर सुमारे अडीच व्होल्ट असते. अर्थात येथील मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. ते प्लसइतकेच जिवंत टोक आहे. याउलट हेडफोनच्या नेहमीच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर तीनच संपर्क असतात: टोकाला डावा, मधल्या कड्यावर उजवा आणि मुळाशी दोघांचा सामाईक. चार जिवंत तारा तीन संपर्कांत बसवताना जो तो आपापली युक्ती लढवतो, आणि नुकसान तेथेच होते.

पहिली युक्ती दोन्ही मायनस एकत्र करून पिनेच्या मुळाशी जोडण्याची. ही सर्वांत फसवी, कारण ती काही वेळा चालल्यासारखी वाटते. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांत एकच संकेत असेल, उदाहरणार्थ बातम्या किंवा भाषण, तर दोन्ही मायनस टोके एकसारखीच हलतात आणि त्यांच्यात फारसा प्रवाह वाहत नाही. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असलेले संगीत लावले, की मात्र एक टोक वर आणि दुसरे खाली खेचू लागते, चिपची दोन आउटपुटे एकमेकांवर शॉर्ट होतात, आवाज फाटतो आणि चिप तापते. काही चिपमध्ये शॉर्ट-सर्किटपासून संरक्षण असते. पण आपत्कालासाठी असलेल्या सोयीवर रोजचे ऐकणे उभारू नये. दुसरी युक्ती मायनस टोके पुरवठ्याच्या ग्राउंडला बांधण्याची. हा तर सरळ शॉर्ट आहे. तिसऱ्या युक्तीत मायनस मोकळे सोडून हेडफोन प्लस आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडतात. यात चिप वाचते, पण ३२ ओहमच्या हेडफोनमधून अडीच व्होल्टांमुळे सुमारे ७८ मिलिअँपिअरचा एकदिश (डीसी) प्रवाह अखंड वाहतो. त्याची शक्ती सुमारे १९५ मिलिवॅट भरते, तर हेडफोनवर मोठ्याने ऐकायलाही १ मिलिवॅट पुरतो. हेडफोनचा पडदा एका बाजूला ताणलेला राहतो आणि कॉइल तापत जाते. १२ व्होल्टांच्या बोर्डावर हीच शक्ती १ वॅटच्या वर जाते आणि तेवढ्या शक्तीने कॉइलची केसाएवढी तार जळू शकते.

कानांचा विचार यापेक्षाही गंभीरपणे करायला हवा, कारण हेडफोन नवा आणता येतो. अनेक हेडफोन १ मिलिवॅटला १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. पीएएम८४०३ची ब्रिज जोडणी ५ व्होल्टांवर साधारण साडेतीन व्होल्टांचा प्रभावी (आरएमएस) संकेत देऊ शकते, म्हणजे ३२ ओहममध्ये जवळपास ३९० मिलिवॅट आणि १२५ डेसिबलच्या वरचा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजाची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला सबंध आठवड्यात वीस-पंचवीस मिनिटेच उरतात. आवाजाचे बटण खाली ठेवले म्हणजे झाले, असे म्हणता येत नाही. ढिली पडलेली ग्राउंडची तार किंवा खराब झालेले पॉट (आवाजाच्या बटणामागचा फिरता रेझिस्टर) एका क्षणात पूर्ण शक्ती कानात सोडू शकते.

तिसरा प्रश्न वाहक लहरींचा, म्हणजे चालू-बंद होण्यातून निघणाऱ्या वेगवान लहरींचा. या चिप सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. पीएएम८४०३ची वारंवारता सुमारे २६० किलोहर्ट्झ आहे. फिल्टरविना चालणाऱ्या रचनेत शांत अवस्थेत दोन्ही टोके एकाच लयीत हलतात, त्यामुळे ब्रिजमध्ये स्पीकरला ती हालचाल जवळजवळ जाणवत नाही. मात्र एकच टोक ग्राउंडच्या तुलनेत वापरले, की गाणे बंद असतानाही अडीच व्होल्टांची पूर्ण चौकोनी लहर हेडफोनवर येते. ती ऐकू येत नाही, पण कॉइल तापवते आणि हेडफोनची लांब वायर अँटेनाचे काम करू लागते. नागपूर आकाशवाणी मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झसाठी ओळखली जाते. ३०० किलोहर्ट्झच्या जवळपास चालणाऱ्या चिपची दुपटीची लहर याच परिसरात पडते, म्हणून शेजारी रेडिओ ठेवल्यास खरखर येऊ शकते. ‘टीपीए३११६’सारख्या काही मोठ्या चिपमध्ये रेडिओचा पट्टा टाळण्यासाठी वारंवारता बदलण्याची सोय मुद्दाम दिलेली आहे.

या तिन्ही अडचणींवर एकत्रित उपाय करता येतो. ५ व्होल्टांचा बोर्ड आणि ३२ ओहमचा, तीन संपर्कांचा हेडफोन असेल, तर प्रत्येक वाहिनीचे फक्त प्लस टोक घ्यावे आणि मायनस टोक कशालाही न जोडता इन्सुलेट करून सोडावे. प्लसनंतर ३३० मायक्रोहेन्रीचे कॉइल आणि त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. ही जोडी सुमारे २८ किलोहर्ट्झच्या पुढच्या लहरी अडवते आणि २६० किलोहर्ट्झची वाहक लहर जवळपास नव्वद पटींनी कमी करते. त्यानंतर ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, प्लस बाजू चिपकडे ठेवून, एकदिश व्होल्टेज अडवण्यासाठी लावावा. शेवटी ३९ ओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि ४.७ ओहमचा हेडफोनला समांतर, ग्राउंडकडे जोडावा. पिनेचे मूळ बोर्डाच्या पॉवर ग्राउंडला जाते.

या रचनेतील खरी कामगिरी शेवटच्या दोन रेझिस्टरांची आहे. ते संकेत साधारण साडेदहा पटींनी कमी करतात, त्यामुळे पूर्ण आवाजातही हेडफोनला १ मिलिवॅटहून थोडी कमीच शक्ती मिळते आणि बोर्डाची मूळची सूंऽऽ अशी सरसरही तेवढ्याच प्रमाणात दबते, जे नुसते बटण कमी करून साधत नाही. फिल्टरला हेडफोन बदलला तरी सुमारे ४३ ओहमचाच भार दिसतो, म्हणून त्याचे वर्तन बिघडत नाही. शिवाय इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर कधी आतून शॉर्ट झाला, तरी अडीच व्होल्टांपैकी पाव व्होल्टाच्या आतच हेडफोनपर्यंत पोहोचतात. एक भाग निकामी झाल्यावर दुसऱ्याने सांभाळून घ्यावे, असा हा विचार आहे. केवळ कपॅसिटर लावून थांबणाऱ्या जोडण्या याच कारणाने अपुऱ्या ठरतात.

डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र तारा असलेला, चार संपर्कांचा ‘बॅलन्स्ड’ हेडफोन असल्यास ब्रिज आउटपुट तसेच वापरता येते; तेथे कपॅसिटर नको, पण फिल्टर आणि रेझिस्टर हवेतच. ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावूनही मायनसचा प्रश्न सुटतो, मात्र चांगला ट्रान्सफॉर्मर बोर्डापेक्षा महाग पडतो. बोर्ड अजून विकत घेतलेला नसेल, तर हेडफोनसाठीच असलेली चिप किंवा ‘टीडीए२८२२एम’सारखी जुनी, सामाईक ग्राउंडवर स्टिरिओ चालणारी चिप घेणे अधिक शहाणपणाचे आहे. क्लास डीचा मुख्य गुण वीज वाचवणे हा आहे आणि १ मिलिवॅटसाठी त्याचा फारसा लाभ होत नाही.

जोडणी झाल्यावर हेडफोन लगेच लावू नये. आधी त्याच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर ठेवून मल्टिमीटरने एकदिश व्होल्टेज मोजावे. ते काही मिलिव्होल्टांवर स्थिरावले पाहिजे. बोर्ड चालू करताना कपॅसिटर भरला जातो आणि ‘टप्’ असा आवाज येतो, म्हणून हेडफोन नेहमी बोर्ड चालू झाल्यानंतर कानावर चढवावा आणि बंद करण्याआधी उतरवावा. पुरवठा पॉवर बँकेचा किंवा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक असलेल्या चार्जरचा असावा. बिनखुणेच्या चार्जरमध्ये घरच्या विजेपासूनचे विलगीकरण कच्चे असू शकते आणि हेडफोनची तार शेवटी माणसाच्या डोक्यापर्यंत जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा येथे वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि स्लॅबखालच्या खोलीत, बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवलेला बोर्ड त्याहून गरम होतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, म्हणून ८५ऐवजी १०५ अंशांपर्यंत चालणारा कपॅसिटर घ्यावा आणि डबीला छिद्रे ठेवावीत. याच दिवसांत खोलीत कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीवर मात करण्यासाठी ऐकणारा नकळत आवाज वाढवत नेतो. उघड्या हेडफोनऐवजी कान झाकणारा हेडफोन वापरल्यास ही घरघर बाहेरच अडते. आवाजाची पातळी मात्र कूलर बंद असताना ठरवावी आणि पॉटवर तेथे खूण करून ठेवावी.